फोटोतली पोरगी

४ ऑक्टोबर, शनिवार

केसरबाईला सांगून आलो. सांगायलाच पाहिजे होतं!

शिवांजली आणि तेजश्री सकाळची शाळा करून आल्या आणि जिन्यात बसल्या, मोबाइलमध्ये तोंड घालून. खिदळणं चाललेलं. मी गच्चीवरून उतरत होतो, त्यांना चाहूल नाही. वरून फोटो दिसला. एक पोरगा – काळेभोर केस, निळा शर्ट, नुकती फुटलेली मिशी. आणि त्याच्या शेजारी साडी नेसून तेजश्री. खांद्याला खांदा लावून! माझी काठी वाजली तसा शिवांजलीनं फोन पालथा घातला. "काय न्हाई आप्पा, अभ्यासाचं हाय." अभ्यासाचं म्हणे! मी काय आंधळा आहे? एका डोळ्याचं ऑपरेशन राहिलंय, तेवढंच.

पहिलीपासून एका बाकावर बसतात दोघी. आता दहावी. तेजश्रीचे आईबाप, हनुमान आणि विजयमाला, दरसाल दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. सहा महिने पोरगी आजीजवळ, केसरबाईजवळ, आणि अर्ध्या जेवणाला आमच्याकडं. मग माझी काही जबाबदारी नाही? आज ती, उद्या माझी नात.

केसरबाई दारात शेंगा फोडत होती. म्हणालो, "पोरीकडं लक्ष ठेवा. एका पोराबरोबर फोटो हाय तिचा. माझ्या डोळ्यानं बघितला." तिचा हात सुपातच राहिला. "कुण्या पोराबरोबर, आप्पा?" ते मला काय माहीत! "गावात बोलू नका मातर," म्हणाली. मी कशाला बोलतो.

बीपी १६० – ९५. डॉक्टरनं ही वही बीपी लिहायला सांगितली आहे. बाकीचं मी माझ्या मनानं लिहितो.

५ ऑक्टोबर, रविवार

बीपी १४० – ८५. बोलून टाकलं की माणूस हलका होतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

शिवांजली जेवत नाही. तीन दिवस झाले. चतकोर भाकरी मोडते, ताटात फिरवते, उठते. आज शेंगदाण्याची चटणी सूनबाईनं, कावेरीनं, मुद्दाम खलबत्त्यात कुटली, तिकडं बघितलं पण नाही.

माझ्याशी तर बोलणंच बंद! रोज सकाळी तीच माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायची. "आप्पा, हात ढिला. आप्पा, बोलू नका. आप्पा, देवाचं नाव पण मनातच घ्या." परवापासून मीच बांधतो. आज उलटा बांधला, मशीन नुसतंच फुगत राहिलं. ती दप्तर घेऊन शेजारून निघून गेली.

कावेरीला विचारलं. "सहामाई परीक्षा हाय, मामा. टेन्शन घेतलंय तिनं." माझा मुलगा अमरनाथ दुकानाच्या गल्ल्यावरूनच म्हणाला, "आप्पा, तुमाला मांजर शिंकलं तरी धास्ती." दोघं हसले. हसा!

तेजश्रीही दिसली नाही या आठवड्यात.

११ ऑक्टोबर, शनिवार

तेजश्री परीक्षेला बसली नाही. मास्तर दुकानात साखर घ्यायला आले होते, त्यांनी सांगितलं. शिवांजली बाकावर एकटीच होती म्हणे. गणिताचा पेपर अर्धा कोरा ठेवला. पंच्याण्णव मार्क घेणारी पोर!

केसरबाईच्या दारावरून गेलो. दार पुढं लोटलेलं. आतूनच बोलली, "घरात काम हाय, आप्पा. मागनं या." मागनं म्हणजे कधी?

मला वाटतं त्या पोराचंच काही असेल. आमचीही त्यात असेल का? देवा!

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज शिवांजली कावेरीवर ओरडली – "मला कुणीच काई इचारू नका!" आणि वाटी आपटली. मग ती वाटी अर्धा तास घासत बसली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

अक्षर वाकडं येतंय.

सकाळी पूजेची पेटी उघडली. विभूतीच्या खाली शिवांजलीचं लिंग सापडलं. चांदीची डबी, शिवदोरा, सगळं नीट गुंडाळून ठेवलेलं. गळ्यातलं लिंग! आम्हा लिंगायतांत अंघोळ झाली की पहिली लिंगपूजा, मग तोंडात घास. मी पासष्ट-सत्तर वर्षांत एक दिवस उतरवलं नाही. हर्नियाच्या ऑपरेशनला डॉक्टर "काढा" म्हणाले, तेव्हा मनगटाला बांधून घेतलं.

ती आठ वर्षांची असताना मठातल्या महाराजांनी तिला दीक्षा दिली. त्याच दिवशी मी तिला मांडीवर घेऊन सांगितलं होतं – लिंग आणि प्राण एक. लिंग अंगावरून गेलं की माणसानं प्राण ठेवू नये. माझे आजोबा सांगायचे, तेच मी सांगितलं. तिनं विचारलं होतं, "म्हंजी मरायचं का, आप्पा?"

मी हो म्हणालो होतो. आठ वर्षांच्या लेकराला – हो!

दुकानात उंदराचं औषध होतं. सगळं उचललं, माझ्या पत्र्याच्या पेटीत घातलं, कुलूप लावलं. दुपारी अमरनाथ शोधत होता. "आप्पा, गिऱ्हाईक उंदराचं औषध मागायलंय, कुठं हाय?" म्हणालो, संपलं. "संपलं कसं? परवा तर खोकं आलंय!" मी म्हणालो, खपलं. "नेकनुरातले सगळे उंदीर काय एका दिवशी मारायला काढले का लोकांनी?"

त्याला खरं सांगायला जीभ उचलली नाही. बोललो तर खरं होईल असं वाटतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ती परड्यात गेली की मी मागं. गच्चीवर गेली की मी मागं. न्हाणीच्या दाराशी खाकरत उभा राहिलो. दार उघडून बाहेर आली, माझ्याकडं बघितलं, निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

डोळ्याखाली काळं झालंय. पंधरा वर्षांची पोर, चाल माझ्यासारखी झालीय.

१८ ऑक्टोबर, शनिवार

महाराजांकडं गेलो. लिंग सापडलं ते सांगितलं, आजोबांचं बोलणंही सांगितलं. महाराज माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण गुरू ते गुरू. पाया पडलो.

"सिद्धाराम, हे कुठं वाचलंस?"

वाचलं नाही, आजोबा सांगायचे.

"तुझे आजोबा कीर्तनाला पुढं बसायचे आन् आर्ध्यात झोपायचे. आमचे वडील सांगायचे मला." मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही. कोपऱ्यातल्या ट्रंकेकडं हात केला. "लिंग हरवलं तर मी दुसरं बांधतो. तिथं डझनभर पडलेत. लेकरू कुठून आणून देऊ? हितं कशाला बसलास? घरी जा, तिच्याशी बोल."

काय बोलू? वाटभर वाक्यं जुळवली. घरी आलो तर ती झोपली होती.

१९ ऑक्टोबर, रविवार

सगळं लिहितो. नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं झालंच नाही.

दुपारी कावेरी चकल्या तळत होती. शिवांजली जिन्यात, त्याच पायरीवर बसलेली. मी शेजारी बसलो. तिचं लिंग मधे ठेवलं. म्हणालो, "बांधायचं तर बांध. न्हाई बांधलंस तरी काई होत न्हाई. मी तुला लहानपणी सांगितलं ते खोटं होतं."

"खोटं?" बारा दिवसांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

"खोटं. महाराजांना इचारून आलो."

मग विचारून टाकलं. कसं विचारलं देव जाणे. "जिवाचं काई करायचं मनात आलतं का?"

"एकदा."

"एकदाच?"

"दोनदा."

मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही. मग बोलायला लागली, खाली बघत, आकडे सांगावे तसं. "तेजीचं लगीन हाय, आप्पा. सव्वीस तारखेला. कडा गावाच्या बाजूला, रानात. पत्रिका न्हाई, काई न्हाई. मुकादमाला जोडी लागती. नवरा-बायको मिळून एक कोयता. लगीन लावून तसंच तिला कारखान्यावर नेणारेत. तिनं माझ्या लिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, कुणाला सांगायचं न्हाई. सांगितलंस तर हिरीत उडी घेईन म्हणली. म्हणून मी लिंग उतरवलं. वाटलं, गळ्यात नसलं तर शपथ पण नसती. पण तरी तोंड उघडंना."

"आन् जेवण?"

"लिंगपूजेबिगर जेवायचं न्हाई म्हणून तुमीच शिकवलं. आन् त्याच्या आदी पण जातच नव्हतं."

मी म्हणालो, "पण कावून एवढी घाई? पोरगी दहावीला हाय. त्या पोराच्या भानगडीनं का?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं! "तुमीच इचारता, आप्पा? तुमीच सांगितलं ना केसरआजीला? त्याच दिवशी तेजीच्या बापानं तिला मारलं. पोरगी हाताबाहेर गेली, मागं ठिवायची न्हाई म्हणले."

फोन काढला. फोटो माझ्यापुढं धरला. "वळखा."

तोच फोटो. काळेभोर केस, निळा शर्ट. तिनं दोन बोटांनी मोठा केला. पोराच्या डाव्या भुवईवर आडवा व्रण. माझा हात आपोआप माझ्या भुवईवर गेला. आडाच्या रहाटाचा दांडा लागलेला, मी दहा वर्षांचा असताना.

तो पोरगा मी होतो.

"तुमच्या पंच्याहत्तरीला द्यायचा व्हता. फ्रेम करून. आपल्या ट्रंकेतल्या काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग भरले मोबाइलवर. आज्जीच्या साडीला हिरवा तेजीनंच लावला."

बीडच्या स्टुडिओतला फोटो. लग्नाला महिना झाला होता. मी एकविसाचा. नीला चौदाची. सहा वर्षं झाली तिला जाऊन. चेहरा पाठ आहे असं वाटायचं, आणि मी तिला तेजश्री समजलो. तेवढीच तर होती! तसेच गाल, तसाच पुढं आलेला दात. फोटोवाला तिला "हस, हस" म्हणत होता. मी त्याला म्हणालो होतो, लाजतेय. ती काही लाजत नव्हती. सकाळपासून रडत होती, आईकडं जायचं म्हणून.

साडी हिरवी नव्हती. जांभळी होती. शिवांजलीला एवढंच सांगता आलं.

कावेरीला चुलीपुढून उठवलं, सगळं सांगितलं. "दोनदा" पण सांगितलं. तिनं चकल्या तशाच टाकल्या आणि पोरीला पोटाशी धरून बसली. तेल जळाल्याचा वास आला तेव्हा अमरनाथ आत आला.

२० ऑक्टोबर, सोमवार

अमरनाथ आणि कावेरी शिवांजलीला घेऊन बीडला गेले, मनाच्या डॉक्टरकडं. आठ दिवसांनी परत बोलावलंय. "हे आजारपण हाय, खोड न्हाई," असं डॉक्टरीणबाईंनी अमरनाथला बजावलं. मला मांजराच्या शिंकेवरून बोलणारा माणूस, आल्यापासून दर घटकेला पोरगी कुठाय ते बघून येतो.

मी शिवांजलीचा फोन मागून घेतला आणि केसरबाईकडं गेलो. हनुमान मुकादमाकडं गेला होता. आत ढकलल्यासारखाच शिरलो. तेजश्री चुलीशी होती. गालावरचं निळं आता पिवळं पडलंय. मला बघून उठून परड्यात गेली.

केसरबाईपुढं फोटो धरला. म्हणालो, हाच तो फोटो.

तिनं चष्मा लावला. एक क्षण पण लागला नाही. "आवो, ही तर नीलाबाई!"

मग मोबाइल डोळ्यांजवळ धरला. दोघींनी चाळीस वर्षं एका जात्यावर डाळी भरडल्या. "एवढुशी व्हती," म्हणाली. "मी आठवड्यानं आलते नांदायला. मी बाराची. आडावर दोघी मिळून रडायचो. घागर भरंस्तोवर रडायचं, भरली की डोळे धुवायचे." तिनं पदरानं मोबाइलची काच पुसली. "आप्पा, तुमचे डोळे गेले व्हते. माजे तर चांगले व्हते. मी कावून पोरीला इचारलं न्हाई?"

मी म्हणालो, हनुमानला सांगा, लगीन मोडा.

"सोयरीक झाली. मुकादमाला शबुद दिलाय. मी म्हातारी, माजं कोण आइकतंय?" पण मी उठलो तेव्हा माझी काठी धरून ठेवली. "तुमी काय करणार हायेत का?"

माहीत नाही म्हणालो. तेजश्रीला एकटी सोडू नका, विहिरीकडं धाडू नका, एवढं मात्र चारदा सांगितलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

शाळेच्या भिंतीवर पोरांच्या मदतीचा नंबर रंगवलाय. १०९८. रोज बघतो. आज जाऊन परत वाचला, चुकू नये म्हणून.

अमरनाथ म्हणाला, "आप्पा, गावात दुकान हाय आपलं. ऊसतोडीच्या टोळ्यांची बाराशे माणसं उन्हाळ्यात आपल्याच दारात येतेत. तुमी नका, मास्तरला सांगू." खरं आहे त्याचं. मीही तेच म्हणालो असतो. जन्मभर तेच म्हणत आलो.

झेंडूची माळ दाराला लावून होईपर्यंत थांबलो. मग गच्चीवर गेलो. दोनदा लावला, दोनदा कट केला. तिसऱ्यांदा एका बाईनं "बोला आजोबा" म्हटलं. सगळं सांगितलं. तारीख, जागा, वय. पोरीनं विहिरीचं बोललंय, तेही सांगितलं, आधी तिला सांभाळा म्हणालो. बाई म्हणाली, "तुमचं नाव आम्ही कुणाला सांगणार नाही."

हे ऐकून जीव भांड्यात पडला. किती भित्रा माणूस!

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आल्या. पोलीस ठाण्यातल्या दोघी बाया, ग्रामसेवक, अंगणवाडीची सुरेखा. शाळेतून वयाचा दाखला आणला होता. एका बाईनं तेजश्रीला बाजूला घेऊन तासभर ऐकून घेतलं. हनुमानकडून अठराच्या आत लगीन करणार नाही असं लिहून घेतलं.

सांजच्याला तो दुकानावर आला. रस्त्यात उभा राहून ओरडला, "कोण बे तो चुगलखोर? त्या मास्तराचं तंगडंच मोडतो!" माणसं जमली. मास्तर समोरच्याच हॉटेलात चहा पीत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. गप्प बसलो असतो तर निभलं असतं.

"हनुमान, मी केला फोन." आवाज असा निघाला की मलाच ऐकू आला नाही. परत म्हणालो. "आन् तुज्या पोरीवर आळ पण मीच घेतला. ती फोटोत नव्हतीच. मी होतो आन् माजी बायको." गुळाच्या ढेपेचा आधार घेतला.

तो थुंकला. "नाव ठिवायचं तुमी, आन् लगीन पण मोडायचं तुमी! वा आप्पा!" 

वळून बघितलं तर शिवांजली दुकानाच्या मागच्या दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

बीपी बघितलं नाही. बघायची हिंमत नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

काम फत्ते झालं असं वाटलं होतं. नाही! हनुमान पोरीला टोळीबरोबर नेणार. लगीन नाही तर नाही, तिकडच्या कोपीवर, झोपडीत, स्वयंपाकाला आणि दोन वर्षांच्या भावाला सांभाळायला माणूस पाहिजेच म्हणतो. म्हणजे दहावी गेली. आणि एकदा तिकडं गेली की लगीन कुठं, कधी लागतंय हे कोण बघणार?

परत फोन केला. बाईंनी लिहून घेतलं, माणूस पाठवतो म्हणाल्या. टोळी रविवारी निघायची.

शिवांजलीनं आज अख्खी भाकरी खाल्ली. मग नेण्याचं कळलं, आणि ती जिन्यात जाऊन बसली. मी तीन पायऱ्या वर बसलो. ती "जा" म्हणाली नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

शिवांजलीनं लिंग बांधलं. मी काही बोललो नव्हतो. माझ्याकडं बघून म्हणाली, "शपथ मोडली म्हणून न्हाई हं. आपलं हाय म्हणून."

२ नोव्हेंबर, रविवार

टोळी गेली.

ट्रॅक्टर आमच्या दुकानापुढं दोन मिनिटं थांबला. केसरबाई खाली उतरली. सहासष्ट वर्षांची बाई, काखेत गाठोडं, कडेवर नातू. मागं तेजश्री, पाठीवर दप्तर. ट्रॉलीवरून हनुमान दुसरीकडं बघत होता. विजयमाला मात्र लेकीकडंच बघत होती.

"हिच्या जागी मी चालले," केसरबाई म्हणाली. "सैपाक मला येतोय, लेकरू मला सांभाळता येतंय. हन्म्याला म्हणलं, मला नेतूस का मी ठाण्यात जाऊन बसू?" तिनं तेजश्रीचा हात शिवांजलीच्या हातात दिला. मग माझ्याकडं वळली.

"आप्पा, मला म्हणला व्हता ना, पोरीकडं लक्ष ठेवा? आता तुमी ठिवा."

मी हो म्हणालो.